राँटजेनवर चिकटवलेला सीव्हर्ट

मित्रांनो, मी एक जुना किरणमापक आहे. शिवणकामाच्या डब्याएवढा, करड्या रंगाचा, वर धरायला मूठ, समोर काच आणि काचेमागे एक काटा. जुना झालो तरी बिघडलेलो नाही, आणि जन्मात एकदाही खोटे बोललेलो नाही. ज्या माणसांत माझी नोकरी झाली त्यांच्याबद्दल असे म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना माणसांचे उपकार मानतात, असा रिवाज आहे म्हणे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका.

चष्मा कपाळावर चढवलेल्या एका कारागीर बाईने मला जुळवले. माझ्या पोटात वायू भरलेली एक नळी आहे. तिच्यात किरण शिरला की 'टिक्' असा आवाज होतो आणि काटा हलतो. त्या बाईने मला ठरावीक ताकदीच्या किरणांसमोर ठेवले, एक बारीकसा स्क्रू पिळत काटा नेमक्या रेघेवर आणला आणि तबकडीवर अक्षरे उमटवली : 'मिलिराँटजेन, तासाला'. मग शेजारणीला म्हणाली, "हा अगदी चोख झालाय बघ." मला मिळालेली मनापासूनची शाबासकी तेवढीच. पुढे कौतुक पुष्कळ झाले, पण ते करणाऱ्यांची लायकी मला ठाऊक होती.

तिथून मी नळ जोडण्याच्या एका कारखान्यात आलो. जाडजूड लोखंडी नळांचे सांधे आतून तडकले आहेत का, हे तिथे किरणांनी फोटो काढून बघत. किरण टाकणाऱ्या धातूचा कण एका जड पेटीत बंद असे आणि पेटी जाड भिंतींच्या खोलीत. माझे काम सोपे होते. रोज सकाळी मला त्या खोलीच्या भिंतीला बाहेरून टेकवायचे आणि काटा वाचायचा. भिंतीबाहेर किती किरण येतात ते मी सांगायचो. एवढ्याशा कामासाठी सुरक्षा-अधिकारी नावाचा एक गृहस्थ पगारावर ठेवला होता.

कामगार त्याला 'प्रोफेसर' म्हणत. तो ते कौतुक समजे. दर महिन्याला सगळ्यांना गोळा करून तो भाषण ठोके. राँटजेनने क्ष-किरण कोणत्या साली शोधले, बेक्वेरेलला युरेनियमचे किरण कसे सापडले, क्युरी बाईंनी किती खनिज उकळले, ग्रे कोण, सीव्हर्ट कोण, सगळे त्याला तोंडपाठ. एककांची नावे तो अशी घेई, जणू ही मंडळी काल याच्याच घरी जेवून गेली. "केवढा मान!" तो म्हणे. "माणूस गेला, पण एकक राहिलं!"

मला त्या मानाची कीव येई. बेक्वेरेलने रेडियमची नळी खिशात बाळगली आणि अंगावर भाजल्याची जखम करून घेतली. क्युरी बाईंच्या वह्या आजही हाताळायला धोक्याच्या आहेत. सीव्हर्टने तर किरणांपासून माणूस कसा वाचवायचा यात हयात घालवली. त्यांचे आकडे वाचता आले तरच त्यांचा मान. नुसत्या जन्मतारखा पोपटालाही पाठ होतात.

एके दिवशी वरून हुकूम आला की यापुढे सगळीकडे नवी एकके वापरायची. मला कारागिराकडे पाठवून तबकडी बदलून आणायला हवी होती. प्रोफेसराने कागदाची एक चिठ्ठी कापली, तिच्यावर वळणदार अक्षरात 'मायक्रोसीव्हर्ट, तासाला' असे लिहिले आणि माझ्या जुन्या अक्षरांवर डिंकाने चिकटवली. आकडे होते तेच राहिले.

भांडारवाल्याने भीत भीत विचारले, "साहेब, आकडे नाही का बदलायचे?"

"अहो, रस्त्याचं नाव बदललं म्हणून रस्ता लांब होतो का?" प्रोफेसर हसून म्हणाला. भांडारवालाही हसला. असल्यांच्या हाती माझी मूठ होती.

जुनी पेटी कमजोर होती, म्हणून काही महिने हे खपून गेले. मग नवी, जबर ताकदीची पेटी आली आणि भिंतीशी माझा काटा दोनावर चढला. मी जीव तोडून टिकटिक केली. "डोकं उठवलं यानं," असे म्हणून प्रोफेसराने माझा आवाजच बंद केला. भिंतीवर नवी पाटी होती : 'तीन मायक्रोसीव्हर्टच्या पुढे नको.' दोन म्हणजे तीनच्या आत. त्याने नोंदवहीत दोन लिहिले आणि खाली झोकात सही ठोकली.

त्याच सुमारास फिल्मवाल्या ताईंना दिवस गेले. या ताई फोटोच्या फिल्म धुऊन, वाळवून, त्यांना क्रमांक घालत. लग्नानंतर सात वर्षांनी घरात पाळणा हलणार होता, त्यामुळे त्या एकेक पाऊल जपून टाकत. प्रोफेसरालाही माया दाखवायची हुक्की आली. म्हणाला, "ताई, त्या रसायनांच्या वासात बसू नका. टेबल इकडे घ्या, या भिंतीशी. सगळ्यात सुरक्षित जागा आहे. रोज मोजतो ना आम्ही!" त्याने स्वतः उशी आणून त्यांच्या खुर्चीला लावली. त्या भिंतीला पाठ टेकवून ताई बसू लागल्या. भिंतीपलीकडे ती पेटी होती.

रोज सकाळी मला त्यांच्या खुर्चीमागे टेकवले जाई. ताई मान वळवून विचारत, "किती आहे हो आज?"

"दोन. तीनच्या आत. बसा निवांत."

ताई पोटावरून हात फिरवत कामाला लागत. मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या माणसाच्या कानात ओरडलो असतो. आवाज बंद, नाव झाकलेले, उरला एक काटा. तो मी रोज दोनावर धरला. काही दिवसांनी प्रोफेसराने काटा बघणेही सोडले. मला भिंतीला लावी आणि पाट्या टाकल्यासारखा दोन लिहून मोकळा होई.

एकेचाळीस दिवस हे चालले. शेवटी खरे काय ते एका कात्रीने सांगितले.

ताईंच्या टेबलाच्या खणात कोऱ्या फिल्मचे एक बंद पाकीट होते आणि त्यावर त्यांची कात्री पडलेली असे. बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी त्यातली एक फिल्म धुतली. ती कोरी निघायला हवी होती. निघाली काळवंडलेली, आणि मधोमध कात्रीची फिकट सावली. बेक्वेरेललाही खणात ठेवलेल्या फोटोच्या काचेवर असाच डाग मिळाला होता. प्रोफेसर ती गोष्ट दर महिन्याला रंगवून सांगत असे. स्वतःच्या नाकासमोरचा खण त्याने कधी उघडून पाहिला नाही.

ताई फिल्म घेऊन तडक माझ्याकडे आल्या. त्यांनी मला उचलले, बटण दाबून आवाज सुरू केला आणि मी धडधडत बोलायला लागलो. त्यांनी मला उजेडात तिरके धरले. चिठ्ठीच्या कडेखालून माझे एक जुने अक्षर डोकावत होते. त्यांनी नखाने चिठ्ठी खरवडून काढली. मग त्या सगळ्यांदेखत प्रोफेसरासमोर उभ्या राहिल्या.

"एक मिलिराँटजेन म्हणजे किती मायक्रोसीव्हर्ट?"

"दहा," तो क्षणात म्हणाला. "साधारण दहा." उत्तर त्याला पाठ होते. चिठ्ठी चिकटवली त्या दिवशीही पाठच होते. मग त्याची नजर माझ्या तबकडीवर गेली आणि तोंडचे पाणी पळाले.

"म्हणजे वीस," ताई म्हणाल्या. "दिवसाचे आठ तास. एकेचाळीस दिवस." त्यांनी कागदावर गुणाकार मांडला. आकडा बरोबर आला. साडेसहा हजार मायक्रोसीव्हर्ट, म्हणजे साडेसहा मिलिसीव्हर्ट. पोटातल्या बाळासाठी सगळे महिने मिळून एका मिलिसीव्हर्टच्या पुढे नको, असे प्रोफेसरानेच भाषणात सांगितले होते.

कारखान्याच्या डॉक्टरांना बोलावले. ते म्हणाले, "एवढ्यानं बाळाला बहुधा काही होत नाही."

"बहुधा म्हणजे किती?" ताईंनी विचारले.

डॉक्टर भला माणूस असावा. त्याने खोटा आकडा दिला नाही. कारखान्याच्या मोठ्या साहेबांना मात्र त्या क्षणीही नोंदवहीची काळजी. "ताई, वहीत दोन आहे ना, कागदावर दोनच राहू द्या. उगाच चौकशी लागेल. इथे सही करा." ताईंनी सही केली नाही. त्यांनी साडेसहाचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि त्या निघून गेल्या. पुढचे सगळे महिने त्यांनी कसे काढले असतील, ते मोजणारे यंत्र अजून झालेले नाही.

प्रोफेसराचे काही वाकडे झाले नाही. मला एका काचेच्या कपाटात ठेवले आणि खाली पाचही शास्त्रज्ञांची नावे लिहिली.

वर्षभराने ताई सोडलेल्या नोकरीच्या हिशेबाचे कागद घ्यायला आल्या. कडेवर मुलगी होती. प्रोफेसर पुढे धावला, मुलीचा गाल ओढत म्हणाला, "बघा! कशी गुटगुटीत आहे. उगाच घाबरलात तुम्ही."

ताईंनी त्याचा हात बाजूला सारला. "ती जन्मल्यावर मी आधी तिची बोटं मोजली," त्या म्हणाल्या. "दहा भरली, तरी पुन्हा मोजली. अजून रोज मोजते. साधा ताप आला तरी माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. हे तुम्ही तुमच्या वहीत कुठे लिहिलंय?"

प्रोफेसर वळून माझ्या कपाटाची काच पुसू लागला.

मित्रांनो, माझी काच पुसू नका, मला तेलपाणी करू नका, थोरांची नावे घोकून माझ्यापुढे हातही जोडू नका. काटा बघा. आणि भिंतीला पाठ लावून बसलेल्या बाईने "किती?" म्हणून विचारले, तर उत्तर देण्याआधी तिच्या खुर्चीत स्वतः बसून बघा.