मार्चमधला पडदा

तीन आठवडे आभाळ भांडी पुसायच्या फडक्यासारखं करडं होतं, आणि त्या बुधवारी नऊ वाजता एकदम कडक ऊन पडलं. काचघरांच्या आमच्या वेस्टलंडात असं ऊन पडलं की काकडीवाली माणसं जेवणखाण विसरतात. एक टक्का उजेड जास्त तर एक टक्का पीक जास्त, हा इथला हिशोब. माझा थोरला दीर खोसन तर काचा पुसायचं यंत्र छपरावर चढवून खाली शीळ घालत उभा होता.

मी काचघरात पानांना चिमटे लावत होते. चिमटा पानाचा नाण्याएवढा तुकडा वीस मिनिटं अंधारात ठेवतो. मग यंत्र त्यावर झोत टाकतं आणि पानाला उजेड किती पचतोय त्याचा आकडा देतं. निरोगी पानाला शंभरात त्र्याऐंशी. हे मी पुस्तिका वाचून शिकले; माझं खरं शिक्षण शिवणकामाचं.

पहिल्या पानाला एकाहत्तर आले. दुसऱ्याला अडुसष्ट.

खतांच्या खोलीत धावले, आणि पलीकडच्या भिंतीशी मॅग्नेशियमच्या दोन गोण्या दिसल्या, शिवणही न उसवलेल्या. बारा दिवसांपूर्वी खताच्या दोन्ही टाक्या मीच कालवल्या होत्या. पहिल्या टाकीत कॅल्शियम ओतताना या गोण्या जवळ नकोत, दोन्ही एकत्र आलं तर टाकीत चुन्यासारखा साका बसतो, म्हणून मीच त्या लांब नेऊन ठेवल्या. आणि दुसऱ्या टाकीच्या वेळी त्या माझ्या डोक्यातून साफ गेल्या. अंधाऱ्या दिवसांत ते खपून गेलं. उजेडच नव्हता, तर पानांची भूक कुणाला कळणार? आता वरून ऊन ओतत होतं आणि पानांकडे ते पचवायला काही नव्हतं. असंच राहिलं तर दुपारपर्यंत पानं भाजणार, आणि पानं गेली की या हंगामाची काकडी गेली.

"खोसन, छताखालचा पडदा लाव."

तो हसला. "आलिदा, तुला बरं वाटत नाहीये का? तीन आठवड्यांनी ऊन आलंय, आणि तू पडदा लाव म्हणतेस? बांधावरून जाणारा प्रत्येक जण विचारेल, खोसनचं डोकं फिरलं का म्हणून."

"अडुसष्ट आलेत."

"तुझं ते खेळणं बिघडलंय. पान हिरवंगार आहे, बघ की."

"डोळ्यांना उद्या दिसेल. तेव्हा उशीर झालेला असेल."

"बरं, माझ्यासमोर मोज."

चिमटा लावला. वीस मिनिटं. खोसनला कॉफी गाळून खाली यायचीही वाट बघवत नाही, आणि तो ओळीच्या मधोमध हात मागे बांधून उभा राहिला. छतावरून ऊन सरळ मानेवर येत होतं. माझ्या हातातलं घड्याळ पुढे सरकेना.

सात मिनिटांनी तो म्हणाला, "खत तर बरोबर चाललंय. मग पानं दमतील कशाला?"

गप्प राहता आलं असतं. यंत्राने सांगितलंच असतं, आणि दोष कुणाचा ते टाकीच्या तळाशी दडून राहिलं असतं. पण कारण कळल्याशिवाय तो पडदा लावणार नाही, हेही मला ठाऊक होतं.

"बरोबर नाहीये. मॅग्नेशियम मी घातलंच नाही. गोण्या अजून भिंतीशी आहेत."

खोसनने हात सोडले. रागावला की तो आवाज चढवत नाही, खाली आणतो.

"बारा दिवस?"

"बारा दिवस."

"आणि मी रोज पाण्याचे आकडे बघून माना डोलावतोय. काचघर माझ्या बापाने बांधलं, आणि मारायला निघालोय आपण दोघं."

उरलेला वेळ तो एकेक पान उलटून बघत राहिला. शेवटी यंत्र वाजलं. त्रेसष्ट.

त्याने आकडा पाहिला, मग छताकडे, निळ्याशार आभाळातून फुकट आलेल्या त्या उन्हाकडे. इतक्या प्रेमाने त्याने बायकोकडेही पाहिलेलं मला आठवत नाही. मग फोनवर बोट दाबलं. मोटार घरघरली, पांढरं कापड ओळींवरून सरकत गेलं आणि पानांवर मऊ सावली आली.

"मी नसतो तर लावलाच असतास ना?" त्याने विचारलं.

"लावला असता. मग शिव्या खाल्ल्या असत्या."

"शिव्या तर अजून खायच्या आहेत. पण आधी टाकी."

दुसरी टाकी त्याने माझ्याकडूनच कालवून घेतली, प्रत्येक गोणीवरचं नाव मोठ्याने वाचून दाखवत, जणू मी पहिलीतली मुलगी. ऊन उतरल्यावर पानांवर मॅग्नेशियमचं पातळ पाणी फवारलं. भर उन्हात फवारलं असतं तर आणखी भाजली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्याखाली सत्तर आले, शनिवारी सत्त्याहत्तर. काही ओळींची खालची पानं मात्र शिरा सोडून पिवळी पडली होती, ती कापून टाकावी लागली. त्या ओळींची काकडी दोन आठवडे उशिरा येणार, असं खोसनने बाजारवाल्याला फोनवर सांगितलं. कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ऊन जास्त झालं."

समोरच्याला हसू आवरेना. मार्चमध्ये! खोसनने माझ्याकडे बघत फोन ठेवला.