पाटीची काडी

माझ्या मोठ्या नातीचं, मेघाचं लग्न झालं, त्याच वर्षी घरमालकानं वाडीतल्या आमच्या खोल्या पाडून गोदाम बांधायचं काढलं. दसऱ्यापर्यंत खोली खाली करा, म्हणाला. सामान थोडंच होतं. अडचण जास्वंदीची होती.

माझ्या थोरल्या बहिणीनं, कुसुमताईनं, कुही गावाहून फांदी आणून ती लावली होती. फूल फिकट पिवळं, आत लाल. पुढं ताई गेली, तिच्या अंगणातलं झाडही वाळलं. आता ती जास्वंद आमच्याच दाराशी उरली होती आणि तिची मुळं भिंतीखाली शिरली होती. उपटून नेणं शक्य नव्हतं. म्हणून पावसाळ्यात मी पेन्सिलीएवढ्या फांद्या तिरक्या कापल्या, वरची दोन-दोन पानं ठेवली आणि वाळू मिसळलेल्या मातीत, तेलाच्या डब्यांत खोचल्या.

मूळ फुटायला महिनाभर तरी लागतो. माझ्या मुलाचे, अश्विनचे बाबा, म्हणजे माझे मालक, एवढे थांबणारे नव्हते. त्यांनी आयुष्यभर ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल तपासला होता. सकाळचा चहा झाला की एकेक काडी वर काढत, चष्मा लावून बूड पाहत आणि परत खोचत.

"काहून उपटून राहिले तुम्ही?"

"उपटून नाही राहिलो वं. पाहून राहिलो."

शेजारच्या यमुताई भांडी घासता घासता म्हणाल्या, "धोंडबाभाऊ, अश्विनच्या वक्ती पण असंच रोज पाहत होते काय गा?"

"तवा दवाखान्यात आत येऊ देत नव्हते."

काड्या काळ्या पडल्या. मी दुसऱ्या लावल्या. त्याही त्यांनी तपासल्या. मी तेव्हा विहारातल्या वर्गात नुकतीच लिहायला शिकले होते. पुठ्ठ्यावर कोळशानं 'हात लावू नका' असं लिहिलं. तो बांधायला दुसरं काही सापडेना, म्हणून जास्वंदीचीच एक जून फांदी तोडली आणि मोठ्या डब्यात रोवली.

त्यांनी पाटी मोठ्यानं वाचली. "अक्षर बरं आहे तुझं," म्हणाले, आणि शेजारची काडी वर काढली.

दसरा आला तोवर सगळ्या काड्या मेल्या होत्या. टेम्पो दाराशी लागला. डबे रिकामे करावे म्हणून मी पाटीची काडी ओढली, तर निघेना. पुठ्ठा पावसानं केव्हाच गळून पडला होता. काडीला दोन हिरवे कोंब होते.

अश्विनचे बाबा चष्मा पुसत आले.

"हात लावाल तं याद राखा!"

ते तो डबा मांडीवर घेऊन टेम्पोत बसले. उमरेड रोडवर अश्विनच्या घरापर्यंत तसेच.

"मूळ असंन काय वं?"

"आहे."

"पाहिलं तू?"

"नाही."



अश्विनच्या गॅलरीत ती काडी वाढली. ते रोज तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. उन्हाळ्यात पहिलं फूल आलं, फिकट पिवळं, आत लाल. विहारात न्यायचं आहे, तोडून द्या, असं मी म्हटलं.

"तूच लिहिलं होतं ना, हात लावू नका म्हणून?"

फूल मीच तोडलं.

त्याच उन्हाळ्यात, २०२४ साली, बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी अश्विनचे बाबा वारले.