मालकाने न ओळखलेला पंखा

मित्रांनो, जरा मान वर करा. मी इथे आहे, छताला. मी एक जुना पंखा आहे आणि गप्प बसणं मला कधीच जमलेलं नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधल्या कारखान्यात झाला. एका बाजूला पाती ठोकून आकाराला येत होती आणि दुसऱ्या बाजूला बायका गप्पा मारत तांब्याची तार गुंडाळत होत्या. त्या गप्पाच माझ्या पोटात गेल्या असाव्यात. घरमालक काकांनी मला घेतलं तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते. "पहिला पगार ह्यानं खाल्ला," असं ते सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. शेजारी माझ्याखाली येऊन बसले की उठायचं नाव घ्यायचे नाहीत.

पुढे वय झालं. बेअरिंग सुकलं आणि मी कर्रऽ कर्र करू लागलो. काकांनी एकदा स्वतःच्या हातानं छत रंगवलं आणि निम्मा रंग माझ्या पात्यांवर सांडला. मग ते खालच्या मजल्यावर राहायला गेले आणि वरच्या दोन खोल्या त्यांनी माझ्यासकट भाड्यानं दिल्या.

भाडेकरू आले ते शिवणकाम करणारी ताई आणि तिचा नवरा. तो बस चालवायचा, पहाटेची पाळी करून दुपारी झोपायचा. माझ्या कुरकुरीनं त्याचा डोळा लागेना. शेवटी त्यांनी स्वतःचा पंखा आणला आणि मला उतरवलं. राग आला मला, खोटं कशाला बोलू? पण ताईनं मला भंगारात टाकलं नाही. एकेक पातं सुटं करून जुन्या चादरीत गुंडाळलं, वरून सुतळी बांधली आणि मला माळ्यावर ठेवलं.

"काकांची वस्तू आहे. जाताना होती तशी लावून द्यायची," ती नवऱ्याला म्हणाली.

वर्षं गेली. खाली शिलाई मशीन खडखडायची आणि मी वर ऐकत पडलेला असायचो. एक दिवस कानावर आलं, की त्यांना दुसरं घर मिळालंय. तिथे मशीन ठेवायच्या जागी मोठी खिडकी होती. दिव्याखाली शिवून शिवून ताईचे डोळे पार शिणले होते, म्हणून तिचा त्या घरावर जीव जडला होता. अडचण एकच होती. इथलं डिपॉझिट हातात पडल्याशिवाय तिथलं भरता येणार नव्हतं, आणि तिथला मालक इथलं घर सोडायच्या दिवशी संध्याकाळपर्यंतच थांबणार होता.

मग काय, माझे दिवस पालटले. काकांना बोलायला जागाच ठेवायची नाही, असं म्हणत ताईनं मला घासूनपुसून लख्ख केलं. रंगाचे ठिपकेसुद्धा नखानं खरवडून काढले. बेअरिंगमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडलं. नवऱ्यानं मला पुन्हा हुकाला टांगलं, बटण दाबलं आणि मी फिरलो, अगदी मांजराच्या पावलानं. आम्ही तिघंही खूश होतो.

सामान टेम्पोत चढलं आणि काका घर बघायला आले. त्यांनी नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून मिटल्या. सगळं ठीक होतं. मग त्यांनी माझं बटण दाबलं आणि वर बघतच राहिले.

"हा माझा पंखा नाही."

"अहो काका, तुमचाच आहे. फक्त साफ केलाय," ताई म्हणाली.

"माझ्या पंख्यावर रंग सांडलेला होता. आणि तो ओरडायचा. हा तर चकार शब्द काढत नाही. माझा पंखा आणा, मग डिपॉझिटचं बोलू."

ताईचा चेहरा उतरला. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता. मी अंगातलं सगळं बळ लावलं. एकदा, फक्त एकदा कर्र व्हावं म्हणून धडपडलो. आयुष्यभर नको तेव्हा बोंब मारली आणि नेमकी आज माझी वाचा बसली. इतकं वाईट मला माळ्यावरसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

"आम्ही कशाला बदलू, काका?" नवरा कळवळून म्हणाला. "बोल्टसुद्धा होता तोच लावलाय. मी म्हटलं हिला, सायकलचा बोल्ट पंख्याला कोण लावतं, नवा आणतो. तर ही म्हणाली, असेल त्यांचं काही, राहू दे."

काकांनी माझं बटण बंद केलं. मी थांबल्यावर ते स्टुलावर चढले, माझ्या दांड्यावरची, बोल्ट झाकणारी वाटी खाली सरकवली आणि आतला बोल्ट बोटानं चाचपला.

"माझ्या मुलीच्या सायकलचा आहे," ते म्हणाले. "सीटखालचा. एकदा दुरुस्तीला पंखा उतरवला आणि मूळचा बोल्ट हरवला. दुकानं बंद. ती म्हणाली, बाबा, माझा घ्या. दुसऱ्या दिवशी शाळेत उभ्यानं सायकल चालवत गेली." मग खाली न बघताच त्यांनी विचारलं, "तुम्ही टाकून कसा नाही दिलात?"

"आमचा नव्हता ना," ताई म्हणाली.

काका खाली जाऊन डिपॉझिट घेऊन आले, सगळंच्या सगळं. ताईनं ते न मोजताच पिशवीत ठेवलं आणि फोन लावला. "निघालोच आहोत हं आम्ही," ती नव्या मालकाला सांगत होती आणि सांगतासांगताच जिना उतरत होती.

मित्रांनो, घर भाड्याचं की मालकीचं, हे आम्हा वस्तूंना कळत नाही. आम्हाला हात कळतात. तेव्हा जिथे राहाल तिथल्या नळाला, दाराला, पंख्याला आपलं म्हणा. हल्ली काका येणाऱ्याजाणाऱ्याला ऐटीत सांगतात, "बघा, माझा पंखा किती गुपचूप फिरतो," जसं काही तेल त्यांनीच घातलंय. माझा मालक कोण, हे भाडेकरारात लिहिलेलं आहे. मला कुणी जपलं, ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून आज मी तोंड उघडलं.