दोन वडांच्या मधून

जोगजा शहरातल्या राजवाड्यामागच्या मैदानात आल्याचा काढा विकणाऱ्या विधवा पोनिराने टांगेवाल्या दार्सोनोला अट घातली. "डोळे बांधून त्या दोन वडांच्या मधून गेलात, तरच लग्न. मन साफ नसलं की वाट चुकते. मागे एक जण असा चुकला, की थेट समुद्रावर पोचला आणि येताना मासे घेऊन आला!"

दार्सोनो निघाला तो पश्चिमेकडेच भरकटला.

"अहो, पूर्वेला! अजून थोडं पूर्वेला!" पोनिरा ओरडली.

तो बरोब्बर मधून पार झाला. पट्टी सोडत म्हणाला, "माझ्या मनाचं वरच्याला ठाऊक, पण तुझ्या मनातलं सगळ्या मैदानाला कळलं की!"

"गप्प बसा," पोनिरा लाजली, "आणि लग्नासाठी जन्मवार जुळवायला कधी येताय ते सांगा."