चौथा जबडा

उभ्या लेथवर मिस्त्रींनी हयात घालवली होती. खोलीएवढं आडवं, गरगर फिरणारं गोल टेबल, त्यावर नऊ टनांची पोलादी रिंग आणि तिला धरणारे चार जबडे. जबडे कचकचून आवळले तर रिंग म्हणजे गरीब गाय. सैल राहिले, तर तिच्या वाटेत कोणी येऊ नये.

आधीच्या पाळीला त्यांचेच जावई होते. रिंग बांधायची जावयांनी, फिरवायची सासऱ्यांनी. पण मिस्त्रींचा दुसऱ्याच्या हातावर भरवसा नाही. पाळी बदलली की पान्याला लांब नळी अडकवून चारही जबडे पुन्हा आवळायचे, तेही चारचौघांत. अख्ख्या खात्यात हसू व्हायचं. जावई बिचारे ते बघायला नको म्हणून हात धुवायला निघून जायचे. शेवटी लेक रडत आली. म्हणाली, बाबा, घरी येऊन ते घासभर जेवत नाहीत, तुम्ही त्या पान्याला हात लावू नका, आणि मी आले होते हे त्यांना कळू देऊ नका. मिस्त्रींनी शब्द दिला. लेकीपुढे कुठल्या बापाचं चाललंय?

दुसऱ्या दिवशी जावई "बांधलीय" एवढंच म्हणाले आणि नळाकडे गेले. मिस्त्रींचा हात सवयीने पान्याकडे वळला. मनात पाल चुकचुकली. पण पोरीचा संसार मोठा, असं म्हणून त्यांनी हात मागे घेतला आणि हिरवं बटण दाबलं.

टेबलाने वेग धरला, आणि दर फेऱ्याला एकदा आवाज यायला लागला. टक्.  मिस्त्रींनी लाल बटण दाबलं, पण एवढं वजन काही जागच्या जागी थांबत नाही. तेवढ्यात जावई खुंटीवरचा सदरा घ्यायला टेबलापलीकडे आले.

"जावईबापू, चारही आवळलेत ना?" मिस्त्रींनी ओरडून विचारलं.

"तीन आवळले. चौथा नुसता टेकवलाय." जावयांच्या आवाजात अजून घुस्साच होता. "तुम्ही नाहीतरी सगळे परत आवळताच. मग मी कशाला मरू?"

 मिस्त्रींनी दोन्ही हातांनी मागे व्हा, मागे व्हा, अशी खूण केली. रिंग एका अंगाने उचलली गेली. जावई मात्र जागचे हलले नाहीत. ते सासऱ्यांच्या रिकाम्या हातांकडे बघत उभे होते.