दुसरा हँडसेट

बाबा म्हणजे आळसाचा कळस. तीस वर्षं फोन वाजला की ते शेजारच्याच खुर्चीत बसून नुसती 'मी नाही' अशी हातानं खूण करायचे आणि आई धावत येऊन, फोन उचलून मुकाट्यानं सांगायची, "हे घरी नाहीत. आले की निरोप देते."

काल मी कॉर्डलेस बसवला. एक हँडसेट खुर्चीपाशी, दुसरा स्वयंपाकघरात. इंटरकॉमचं बटण दाखवलं तशी बाबांची कळी खुलली. आता हाक मारायचेही कष्ट नकोत!

आज सकाळी त्यांनी बटण दाबलं. आत आईनं फोन उचलला.

"मी बोलतोय. चहा आण."

आई नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "हे घरी नाहीत. आले की निरोप देते."