निर्गुडीचा खल आणि पांढरी गोळी

मी एक जुना दगडी खल आहे, मित्रांनो. पाथरवटानं छिन्नीनं घडवलं आणि वडवणीच्या बाजारातून कडूबाई धनगरणीनं मला डोक्यावर घेऊन घरी आणलं. तेव्हापासून मी निर्गुडीचाच. मेंढरू लंगडलं की पाला माझ्यात वाटून, कोमट करून त्याच्या पायाला बांधायचे. माणसालाही तेच औषध. लोक लेपाचं कौतुक करायचे आणि खोटं कशाला सांगू, मी फुगून जायचो.

पुढं कडूबाईचेच गुडघे झिजले. लेपानं ठणका उतरायचा, पण रानात चालवेना. नवरा हरिबा म्हणाला, कळप विकून टाकू. ती उठली आणि मेंढरांत जाऊन बसली.

त्याच साली गावात एसटीडी बूथशेजारी नवं मेडिकल निघालं. हरिबानं तिथून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. गोळी हरभऱ्याएवढी! पण तासाभरात बाई उठून मेंढरांमागं चालू लागली. मी तर थक्कच झालो. इतक्या वर्षांत मला जे जमलं नाही, ते त्या एवढ्याशा गोळीनं केलं होतं. मग मला कोपऱ्यात सरकवून माझ्यात मीठ ठेवलं. राग आला, पण धोंडा बोलणार काय?

दोन महिन्यांनी कडूबाई पोट धरून अंगणात कोसळली. काळी उलटी झाली. जीप करून दवाखान्यात नेली, म्हणून वाचली. घरी आल्यावर हरिबानं शेजारणीला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, गोळी खाऊन घेता की उपाशी? त्यावर ही म्हणाली, "जित्राबानं पाणी पिल्याबिगर मी घास घेत न्हाई. सासूनं घालून दिलेलं हाय."

म्हणजे रोज पहाटे, रिकाम्या पोटी गोळी! त्यानंच पोटात आतून जखम झाली होती. डॉक्टरांनी ती बंद केली. दुसरी सौम्य गोळी देऊ, पण विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही आणि सकाळी आधी खायचं, असं बजावलं. लेपानं बरं वाटत असेल तर खुशाल लावा, फक्त झिजलेला सांधा त्यानं भरून येत नाही, असंही ते म्हणाले. खरंच होतं ते.

दुसऱ्या सकाळी मेंढरं वाड्यात ओरडत होती. कडूबाई भाकरी हातात धरून नुसतीच बसली. चाळीस वर्षांचा नेम होता तिचा.

हरिबा शेजारी टेकला. "खा. मेंढरं काय तुझं मरण मागत न्हाईत."

तिनं घास घेतला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती चावत होती. गोळीनं मला थक्क केलं होतं, पण त्या घासापुढं ती गोळी काहीच नव्हती. मग तिनं माझ्यातलं मीठ काढलं, पाला वाटून गुडघ्यांना बांधला आणि हळूहळू जवळच्या ओढ्यापर्यंत मेंढरं नेली. विकायची गोष्ट हरिबानं पुन्हा काढली नाही.

मित्रांनो, आजी-आजोबांच्या हातावर गोळी ठेवाल, तेव्हा एवढं विचारा: भाकरी खाल्ली का? कडूबाईला दोन महिने ते कुणीच विचारलं नव्हतं.